कुत्रा अचानक मलूल झाला: आठवण, की आजार?

ज्यांना हेडफोन लावून ऐकायला वेळ नाही, बसमध्ये उभं राहून एका हाताने स्क्रोल करत वाचायचंय, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी अवतार. बोलताना जे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी तसंच ठेवलंय.

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. "आमचा कुत्रा आठ दिवसांपासून कोपऱ्यात बसून असतो, हाक मारली तर फक्त डोळे वर करतो, त्याला डिप्रेशन आलंय का?" असा प्रश्न या ना त्या शब्दांत बरेचदा येतो. मी प्रत्येक वेळी "डॉक्टरांना दाखवा" एवढंच टाइप करून मोकळा होत होतो. पण हाच प्रश्न आमच्याही घरी आला होता आणि आम्ही त्याचं उत्तर साफ चुकवलं होतं. म्हणून आज जरा नीट सांगतो.

आमचं घर चांदूर रेल्वेला. अमरावती जिल्ह्यात दोन चांदूर आहेत, एक बाजारवालं आणि एक रेल्वेवालं. आमचं मुंबई-हावडा लाइनवरचं. रेकॉर्डिंगमध्ये मागे मधूनच जो धडधडाट ऐकू येतो ना, ती मालगाडी. कापता येत नाही, सवय करून घ्या.

आमचा शेरू गावठी, चार वर्षांचा, तांबडा, एक कान मोडलेला. तो खरा दादाचा. दादानेच त्याला पिल्लू असताना उचलून आणलं होतं, दादाच्याच खाटेखाली झोपायचा. गेल्या वर्षी दसऱ्यानंतर दोन दिवसांनी दादा नोकरीसाठी पुण्याला गेला. चौथ्या-पाचव्या दिवशी शेरूने भाकरी अर्धी सोडली. मग फाटकापाशी जाणं बंद झालं. दूधवाल्याच्या गाडीवर रोज भुंकायचा, तेही बंद. दादाच्या रिकाम्या खाटेखाली जाऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा.

आता सांगा, तुम्ही काय समजला असता?

आई म्हणाली, "त्याले दादाची आठवण येऊन राह्यली." शेजारचे काका म्हणाले, "मुकं जनावर हाय, पण माणसापेक्षा जास्त जीव लावते." मी काय केलं? त्याचा फोटो काढला, खाली रडका इमोजी टाकला आणि स्टेटसला लावला. दादाने तिकडून व्हिडिओ कॉल केला, शेरूने आवाज ऐकून शेपटी एकदा हलवली आणि परत डोळे मिटले. आमची खात्रीच पटली. पुढे कुठेतरी फटाके सुरू झाले, तर दुसरं कारणही हाताशी आलं: "घाबरला असंल." असे आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी सकाळी आईला फरशीवर रक्ताचा थेंब दिसला. शेरूच्या नाकातून आलेला. त्याला उलटा करून पाहिलं तर पोटावर, जिथे केस कमी असतात तिथे, बारीक लाल ठिपके होते. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. ताप १०४ च्या वर. डॉक्टरांनी पायाच्या बोटांमधली चामडी फाकवली, कानाच्या आतली घडी उलटी केली, आणि आम्हाला दाखवलं. गोचीड. मोठे चार-पाच, आणि तिळाएवढे किती होते ते मोजलेच नाहीत. रक्त तपासायला तीसेक किलोमीटरवर अमरावतीला जावं लागलं. प्लेटलेट ३८ हजार. निरोगी कुत्र्याच्या साधारण दोन ते पाच लाख असतात.

म्हणजे आम्ही ज्याला विरह म्हणत होतो, तो गोचिडाचा ताप होता.

हा आजार नेमका काय करतो

याचं शास्त्रीय नाव अर्लिकिओसिस. कुत्र्यांवर जो तपकिरी गोचीड असतो, तो चावताना अर्लिकिया कॅनिस नावाचा जीवाणू रक्तात सोडतो. हा जीवाणू थेट पांढऱ्या पेशींमध्येच घर करतो. ज्यांनी राखण करायची त्यांच्याच घरात चोर, असा प्रकार. मग प्लेटलेट घटतात, ताप येतो, गाठी सुजतात, भूक जाते. रक्त गोठायची ताकद कमी झाल्यामुळे नाकातून रक्त येतं, कातडीखाली ठिपके उठतात. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकन लष्कराची कित्येक कुत्री, विशेषतः जर्मन शेफर्ड, याच आजाराने गेली, तेव्हा कुठे जगाने याच्याकडे गंभीरपणे पाहिलं. आपल्याकडे हा आजार उष्ण, दमट दिवसांत, पावसाळ्यात आणि त्याच्या मागेपुढे, घरोघरच्या कुत्र्यांना होतो आणि बरेचदा "सुस्त पडलाय" एवढ्यावरच तो निघून जातो. कधी कुत्रं बरं होतं, कधी कुत्रंच जातं.

यात एक गोष्ट मला फार उशिरा समजली. गोचीड चावल्यापासून लक्षणं दिसायला साधारण आठ ते वीस दिवस लागतात. शेरू मलूल झाला दादा गेल्यानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी. आता उलटं मोजा. चावा बसला तेव्हा दादा घरीच होता! त्याच्या जाण्याचा आणि या आजाराचा काही संबंध नव्हता, दोन्ही एकाच आठवड्यात आले एवढंच. पण आपल्या डोक्याला गोष्ट आवडते. कोणीतरी गेलं आणि कुत्रा झुरला, ही गोष्ट इतकी गोड आहे की तिच्यापुढे कानात गोचीड बघायला कोण जातं?

जपानचा हाचिको तुम्हाला रील्समधून माहीत असेलच. त्याचे मालक प्राध्यापक उएनो १९२५ साली वारले, आणि हा कुत्रा पुढे जवळजवळ दहा वर्षं शिबुया स्टेशनवर त्यांची वाट पाहत राहिला. ८ मार्च १९३५ ला तो मेला. त्याचे अवयव तोक्यो विद्यापीठात जपून ठेवले होते. त्यांची पुन्हा तपासणी झाली आणि २०११ साली जाहीर झालं की त्याच्या हृदयात आणि फुप्फुसात कॅन्सर होता. शिवाय हृदयात जंतही होते. म्हणून त्याचं वाट पाहणं खोटं ठरत नाही. वाट पाहणं खरं आणि कॅन्सरही खरा, दोन्ही एकाच कुत्र्यात. गोष्ट सांगताना आपण एकच सांगतो.

मग ओळखायचं कसं?

पहिला प्रश्न "काय झालं?" हा नाहीच. पहिला प्रश्न "कधीपासून, आणि काय काय बदललं?" हा आहे. खाणं, पाणी, लघवी, शी, झोप, चाल, आवाज. फोनमध्ये नोट उघडा आणि तारखेसकट लिहा. आम्ही लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशीच दिसलं असतं की शेरू पाणी नेहमीपेक्षा जास्त पितोय आणि जिना चढायचा टाळतोय. आठवण आली म्हणून कोणी जिना टाळत नाही.

दुसरं, ताप. "नाक गरम लागतंय म्हणजे ताप" हे विसरा. उन्हात बसलेल्या धडधाकट कुत्र्याचंही नाक गरम आणि कोरडं असतं. मेडिकलमधून साधा डिजिटल थर्मामीटर आणा, त्यावर कुत्र्याचं नाव लिहून ठेवा (का ते आत्ता कळेल), टोकाला व्हॅसलीन लावा, आणि एकाने डोकं धरून लाड करत असताना दुसऱ्याने गुदद्वारातून ताप मोजा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान आपल्यापेक्षा जास्त असतं, साधारण १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट. १०३ च्या वर गेलं की डॉक्टर. चावायला येत असेल तर हा उद्योग घरी करू नका.

तिसरं, हिरड्या. ओठ वर करा. रंग गुलाबी हवा. बोटाने दाबून सोडलं की पांढरा झालेला ठिपका दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवा. हिरड्या पांढरट असतील, पिवळ्या असतील किंवा त्यावर लाल ठिपके असतील तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी न्या. ज्यांच्या कुत्र्याच्या हिरड्या मुळातच काळ्या आहेत त्यांनी डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग पाहावा.

चौथं, श्वास. गाढ झोपलेला असताना एका मिनिटात छाती किती वेळा वर-खाली होते ते मोजा. तीसच्या आत असावी. आणि हो, व्हिडिओ काढा. दवाखान्यात गेलं की टेबलावर भीतीने कुत्रा एकदम तरतरीत होतो, आणि डॉक्टर म्हणतात, "याला काय झालंय?" घरी तो कसा चालतो, कसा उठतो, कसा पडून राहतो याचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ आपल्या दहा वाक्यांपेक्षा जास्त सांगतो. स्टेटससाठी काढतोच ना, तसाच.

आणि आवडीचा खाऊ. शेरूचा जीव अंड्यावर. उदास कुत्रा रोजची भाकरी टाळेल, पण त्याच्या नाकासमोर उकडलेलं अंडं धरलं तर निदान वास घेईल, बरेचदा खाईलही. शेरूने अंड्याकडे पाहून तोंड फिरवलं होतं. हा काही पक्का नियम नाही, काही आजारी कुत्री शेवटपर्यंत खातात. पण जीव की प्राण असलेली गोष्ट नाकारली तर मनाचं नंतर बघू, आधी शरीर बघू.

गोचीड सोडून आणखी काय असू शकतं?

बरंच काही. आपल्या वऱ्हाडात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. तेव्हा दुपारी न्हाणीच्या ओल्या जागेत पसरलेला कुत्रा आजारी नाही, शहाणा आहे. संध्याकाळी तो उठून फिरतो की नाही, ते पाहा. पण धापा थांबत नाहीत, चाल लडखडतेय, लाळ घट्ट झालीय असं दिसलं तर तो उष्माघात. सावलीत घ्या, साधं पाणी अंगावर ओता, पंखा लावा आणि तसंच दवाखान्यात न्या.

शेतात जाणाऱ्या कुत्र्यांचा प्रश्न वेगळा. कपाशीवर, तुरीवर फवारणी चालू असते, फवारणीचा डबा बांधावर उघडा पडलेला असतो. अशा विषबाधेत लाळ गळते, बाहुल्या बारीक होतात, अंग थरथरतं. ते लगेच दिसतं. फसवं असतं ते उंदराचं औषध. रक्त पातळ करणारं जे विष असतं त्याची लक्षणं तीन ते पाच दिवसांनी दिसतात. तोवर आपण विसरलेलो असतो की माळ्यावर गोळ्या टाकल्या होत्या. कुत्रा नुसता गप्प होतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, आत रक्त वाहत असतं. वेळेत नेलं तर व्हिटॅमिन के देऊन वाचतो. त्यामुळे डॉक्टरांनी विचारलं तर लाजू नका, घरात काय काय टाकलं होतं ते सांगा. पाकीटच घेऊन जा.

मादी असेल, ऑपरेशन झालेलं नसेल, माजावर येऊन काही आठवडे झाले असतील आणि आता सुस्त पडून खूप पाणी पीत असेल, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. याला थांबायला वेळ नसतो, मग बाहेर स्राव दिसो की न दिसो. म्हातारा कुत्रा "आता शांत झालाय" असं आपण कौतुकाने म्हणतो तेव्हा बरेचदा त्याचे सांधे दुखत असतात. लसीकरण न झालेलं पिल्लू मलूल होऊन उलट्या-जुलाब करत असेल तर पार्व्हो. तिथे दिवस मोजत बसू नका, तास मोजा.

आता एक गोष्ट जरा हळू वाचा. रेबीज म्हटलं की आपल्याला चवताळलेला, धावत सुटलेला कुत्रा आठवतो. पण रेबीजचा एक प्रकार गप्प असतो. कुत्रा अंधाऱ्या कोपऱ्यात जातो, माणसं टाळतो, आवाज बदलतो, जबडा लटकतो, लाळ गळते, गिळता येत नाही. घरच्यांना वाटतं घशात हाड अडकलंय, आणि कोणीतरी प्रेमाने तोंडात हात घालतं. घालू नका. लस झालेली नाही किंवा आठवत नाही, आणि ही लक्षणं आहेत, तर त्याला एका खोलीत बंद करा आणि पशुवैद्यकांना फोन करा. लाळ जखमेला, डोळ्याला, तोंडाला लागली किंवा दात लागला तर ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा (डोळा आणि तोंड नुसत्या पाण्याने), आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. रेबीजची लक्षणं एकदा माणसात सुरू झाली की जवळजवळ कोणीच वाचत नाही. लस मात्र वेळेत घेतली तर वाचवते. शेरूची लस झालेली होती, म्हणून आमच्या डॉक्टरांनी हा प्रश्न पहिल्याच मिनिटाला विचारून बाजूला ठेवला.

घरचे उपाय, जे करू नयेत

आपल्या तापाच्या गोळ्या देऊ नका. पॅरासिटामॉल, आयब्रुफेन, डायक्लोफेनॅक, कोणतीच नाही. आयब्रुफेन आणि डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंड जातं. पॅरासिटामॉलने यकृत. "लहान मुलाचा डोस दिला" हे कारण चालत नाही.

गोचीड घालवायला गाई-म्हशींचं औषध अंदाजाने पाण्यात कालवून कुत्र्याला चोळतात, मी स्वतः पाहिलंय. रॉकेल चोळतात, गाडीचं जुनं ऑइल चोळतात. कुत्रा अंग चाटतो, हे विष पोटात जातं. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, बोटाने चिरडू नका. आणि फक्त कुत्र्यावरचे काढून भागत नाही. रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली पडते, भिंतीच्या भेगेत, खाटेच्या सांध्यात चढते आणि तिथे हजारोंनी अंडी घालते. आमच्या घरी उगम सापडला दादाच्याच खाटेत, नवारीच्या गुंड्यांमध्ये. खाट उन्हात टाकली, उकळतं पाणी ओतलं, भिंतीच्या फटी सिमेंटने बुजवल्या. कुत्र्याला मानेवर टाकायचं औषध द्यायचं की गोळी, हे वजन पाहून डॉक्टर ठरवतात.

शेरूला डॉक्सिसायक्लिन सुरू झालं, पूर्ण २८ दिवसांसाठी. गोळी कोरडी द्यायची नाही, घशाला इजा होते. खाण्यासोबत द्यायची आणि वर पाणी पाजायचं. आणि दूध-दह्यात कालवून नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आपल्याकडे तर कुत्र्याची प्रत्येक गोळी दुधातच जाते! तिसऱ्या दिवशी त्याने अर्धी भाकरी खाल्ली. पाचव्या दिवशी दूधवाल्यावर भुंकला. आई म्हणाली, "आता थांबवू का गोळ्या? बरा झाला ना." इथेच बहुतेक लोक सोडतात. जीवाणू अंगात लपून राहतो आणि महिन्यांनी, कधी वर्षांनी, जास्त वाईट रूपात उठतो. आम्ही २८ दिवस पुरे केले आणि प्लेटलेट पुन्हा तपासल्या. औषधाने दोन-तीन दिवसांत काहीच फरक पडला नसता तर सोबत बॅबेसिया आहे का, हे पाहावं लागलं असतं. तोही गोचिडामुळेच होतो, पण त्यावर हे औषध भागत नाही.

अवघड केस असेल तर आपल्या भागात अकोल्याला स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था आहे आणि नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालय. शिकवणारे डॉक्टर, तपासण्या, ऑपरेशन, सगळं एका जागी. चांदूरहून दोन्हीकडे रेल्वेलाइनच जाते, पण आजारी कुत्रा घेऊन जायला गाडीच बघा.

आणि मन? ते असतंच

सगळं तपासलं, रक्त ठीक, ताप नाही, दुखत काही नाही, तरी कुत्रा गप्प. मग मनाकडे या. इटलीत ४२६ कुत्रापालकांना विचारून केलेला एक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. घरात दोन कुत्री होती आणि एक मेलं, तर मागे राहिलेल्याचं काय होतं? ८६ टक्के पालकांनी सांगितलं की वागणं बदललं: खेळणं कमी, खाणं कमी, झोप जास्त, माणसाला चिकटून राहणं. कित्येकांत हे महिनोन् महिने टिकलं. स्वीडनमध्ये २०१९ साली कुत्रा आणि मालक, दोघांच्या केसांतलं ताणाचं हार्मोन मोजलं, तर ते बरोबरीने वर-खाली होताना दिसलं. दादा गेल्यावर आमच्या घरात फक्त शेरूच गप्प नव्हता. आई दोन वेळा चुकून चार माणसांच्या भाकऱ्या थापून बसली होती.

अशा कुत्र्याला काय लागतं? फार काही नाही. जेवणाची, फिरण्याची वेळ पक्की ठेवा. फिरायला नेलं की ओढू नका, हुंगू द्या. जबरदस्तीने मांडीवर घेऊ नका, पण त्याच्या जवळ बसा. गेलेल्या माणसाचा शर्ट लगेच धुवायला टाकू नका. आणि दिवसभर साखळीला बांधलेला, उठता-बसता काठी खाणारा कुत्रा "शहाणा, शांत" झाला असेल तर त्याचं कौतुक करू नका. १९६७ साली अमेरिकेत सेलिगमन आणि मायर यांनी कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगात (प्रयोग क्रूरच होता) दिसलं की ज्याला त्रास टाळायचा काहीच मार्ग ठेवला नाही, तो कुत्रा पुढे मार्ग मोकळा असतानाही पडून राहतो. त्याने प्रयत्नच सोडलेला असतो.

दादा दिवाळीला आला. गाडी अर्धा तास लेट. शेरूला स्टेशनवर नेलं नव्हतं, अशक्त होता. पण रिक्षा गल्लीत वळली तसा तो फाटकावर दोन पायांवर उभा राहिला आणि जे काही ओरडला, त्याची ऑडिओ क्लिप या भागाच्या शेवटी जोडलीये, ऐका. भाऊबीज झाली आणि दादा परत गेला. शेरू पुढचे दहा-बारा दिवस संध्याकाळी फाटकाशी जाऊन बसायचा. अंडं दिलं की मात्र खायचा, आणि परत जाऊन बसायचा. तेव्हा कुठे कळलं, आठवण आलेला शेरू कसा दिसतो.

पुढच्या भागात मांजरं. ती आजार कुत्र्यापेक्षा जास्त लपवतात, त्यामुळे तुमच्या मांजराने काय काय लपवलं होतं ते मला व्हॉइस नोटमध्ये पाठवा. आणि आज रात्री झोपायच्या आधी आपापल्या कुत्र्याच्या पायाची बोटं फाकवून बघा. टॉर्च फोनमध्ये आहेच.